परवलीचा शब्द जुळत नाही तेव्हा



असं समजा, की जून महिन्याची सोळा तारीख आहे आणि आपण पेठ वडगावातल्या एका शाळेच्या कचेरीत बसलो आहोत. शेजारच्या खेड्यातून एक बाई मुलाला घेऊन आल्या आहेत. मुलाचं नाव परगावच्या कॉलेजात घालायचं आहे. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे.

'दादा, दाखला आज मिळंल न्हवं? उद्या शेवटचा दिस हाय.'

'मिळंल की मावशी, बसा जरा,' असं म्हणून कारकून संगणकासमोर बसतात. शाळेच्या जनरल रजिस्टरातली सारी नोंद आता संगणकात आहे. ते आपलं नाव घालतात, पासवर्ड घालतात, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते : 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड'. म्हणजे पासवर्ड पटला नाही, आत येऊ नका.

कालपर्यंत हाच पासवर्ड चालत होता. कारकून पुन्हा घालतात, तिसऱ्यांदा घालतात. कचेरीत चार माणसं जमतात. एक म्हणतो, 'सगळं काढून टाका आणि नव्यानं बसवा.' दुसरा म्हणतो, 'कशाला हवा पासवर्ड? ती कटकटच बंद करा.' मंडळी, हे दोन्ही सल्ले घातक आहेत. कुलूप उघडत नाही म्हणून कुणी घर पाडत नाही, आणि दार सताड उघडं टाकून बाजारालाही जात नाही. तेव्हा अशा वेळी नेमकं काय पहावं आणि कोणत्या क्रमानं पहावं, हे आज आपण समजून घेऊ.

प्रथम डेटाबेस म्हणजे काय ते पाहू. डेटाबेस म्हणजे संगणकातलं दप्तर. फरक एवढाच, की या दप्तरात हजारो पानांतून हवी ती नोंद क्षणात सापडते आणि एकाच वेळी अनेक माणसं तिथं काम करू शकतात. वडगावच्या परिसराला ही गोष्ट नवी नाही. जवळच वारणा खोऱ्यात १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांना संगणकाच्या जाळ्यात आणायचं, आणि ऊस लावणाऱ्याला आपल्या उसाची माहिती गावातच मिळावी, हा त्यातला एक हेतू होता. पुढे काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरच्या संदेशानं ही माहिती देण्याचा प्रयोगही झाला. आज तर शाळा, दूध संस्था, पतसंस्था, दवाखाना, सगळ्यांची दप्तरं अशीच आहेत.

आता दप्तर म्हटलं की दार आलं, आणि दार म्हटलं की पहारेकरी आला. सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी ज्या वडगावात आहे, तिथल्या लोकांना छावणीचा पहारा म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रात्री कुणी आलं की चौकीवरून हाक यायची, आणि ठरलेला शब्द सांगितला तरच पाऊल पुढे टाकता यायचं. त्यालाच परवलीचा शब्द म्हणत. पासवर्ड म्हणजे हाच परवलीचा शब्द.

असं धरून चालू, की आपल्या शाळेचं दप्तर पोस्टग्रेस नावाच्या प्रणालीत ठेवलेलं आहे. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात १९८६ साली मायकेल स्टोनब्रेकर यांच्या देखरेखीखाली हे काम सुरू झालं. आज ही प्रणाली कुणालाही विनामूल्य वापरता येते. दुसऱ्या प्रणालींची नावं आणि वाक्यं निराळी असली, तरी तपासाची रीत थोड्याफार फरकानं हीच.

पहिली गोष्ट : पडद्यावरची ओळ शब्दन् शब्द वाचा आणि कागदावर उतरून घ्या. आत जाता आलं नाही की आपण सरसकट म्हणतो, 'पासवर्ड चालत नाही.' पण पहारेकरी निरनिराळ्या वेळी निरनिराळं बोलत असतो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असं आलं, तर आपण दारापर्यंत पोचलोच नाही. एक तर सर्व्हर, म्हणजे दप्तर सांभाळणारा संगणक किंवा त्यावरची ती प्रणाली बंद आहे, नाही तर आपण चुकीच्या पत्त्यावर गेलो आहोत. पासवर्डाचा इथं संबंधच नाही. 'अमक्या ठिकाणाहून येणाऱ्याची नोंद नाही' अशा अर्थाची ओळ आली, तर दार सापडलं, पण तुम्ही जिथून आलात ते ठिकाण पहारेकऱ्याच्या वहीत नाही. आणि 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं, तर मात्र दारही सापडलं आणि वहीत ठिकाणही आहे, पण नाव आणि परवल यांचा मेळ बसला नाही. निम्मा तपास या वाचण्यानंच होतो.

मायएसक्यूएल नावाची दुसरी प्रणाली पुष्कळ ठिकाणी असते. तिथं 'अ‍ॅक्सेस डिनाइड' असं येतं, आणि त्याच्या शेवटी 'यूझिंग पासवर्ड' या शब्दांपुढे 'येस' किंवा 'नो' लिहिलेलं असतं. तिथं 'नो' असेल, तर पासवर्ड चुकलेला नसून तो पाठवलाच गेलेला नाही. हा एक शब्द न वाचल्यामुळं माणसं तासन् तास पासवर्ड बदलत बसतात.

दुसरी गोष्ट : आपलीच बोटं तपासा. यात कमीपणा नाही. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला आहे का? अर्ध्या तासापूर्वी मराठीत पत्र टाइप केलं होतं आणि कळफलक मराठीवरच राहिला आहे का? पासवर्डाच्या चौकटीत ठिपके दिसतात. काही ठिकाणी तर ठिपकेही दिसत नाहीत, अक्षर उमटतच नाही. तेव्हा आपण 'क' टाइप करतो की 'के', हे डोळ्यांना कळायला मार्ग नाही. यावर सोपा उपाय आहे. कोरं पान उघडा, तिथं पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी पहा, आणि लगेच पुसून टाका. तो मोबाईलवरच्या संदेशातून उचलून चिकटवला असेल, तर आधी किंवा शेवटी एखादी मोकळी जागा चिकटून येते, तीही पहा. मोकळी जागा आपल्याला दिसत नाही, पण पहारेकरी ती अक्षर म्हणूनच मोजतो.

तिसरी गोष्ट : नाव तपासा. पासवर्ड बरोबर आणि नाव चुकलेलं, असं फार वेळा होतं. पोस्टग्रेसमध्ये एक गंमत आहे. नवीन माणसाचं नाव नोंदवताना 'शाळा' हे नाव इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं काढून लिहिलं, आणि त्याला अवतरणचिन्हं घातली नाहीत, तर प्रणाली ते सगळं लहान अक्षरांत करून ठेवते. पण आत जाताना तुम्ही मोठं अक्षर घातलंत, तर ती तसंच मोठं अक्षर शोधते आणि तिला ते सापडत नाही. मग ओळ कोणती येते? 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' हीच.

इथं तुम्ही विचाराल, की नाव चुकलं तर 'असं नाव नाही' म्हणून सरळ सांगायला काय हरकत आहे? हरकत आहे. दाराशी एखादा चोर उभा आहे असं समजा. तो एकेक नाव घालून पाहतो आहे. पहारेकरी जर म्हणाला, 'हे नाव आमच्याकडे नाही, पण ते दुसरं आहे, फक्त शब्द चुकला,' तर चोराचं निम्मं काम झालं. म्हणून नाव चुको, शब्द चुको, की शब्दाची मुदत संपो, पोस्टग्रेसचा पहारेकरी बाहेरच्याला एकच वाक्य ऐकवतो. कारकुनाला त्याचा त्रास होतो खरा, पण ती आडमुठी नव्हे, सावधगिरी आहे.

चौथी गोष्ट : आपण योग्य दाराशीच उभे आहोत ना? एका संगणकावर जुनी आणि नवी अशा दोन आवृत्त्या बसवलेल्या असू शकतात. पोस्टग्रेसच्या दाराचा नेहमीचा क्रमांक ५४३२. दुसरी आवृत्ती बसवली, की तिला बहुधा ५४३३ मिळतो. दोन्ही दारं दिसायला सारखी, पण परवली वेगवेगळ्या. तसंच, दाखल्याचा प्रोग्राम आपला पासवर्ड स्वतःच्या एका फाईलीत साठवून ठेवतो. कुणी दप्तराचा पासवर्ड बदलला आणि त्या फाईलीत बदलायचा राहिला, तर प्रोग्राम इमानेइतबारे जुनाच शब्द सांगत राहतो. आणखी एक खाच आहे. काही प्रोग्रामांत नाव, पासवर्ड आणि पत्ता एकाच लांब ओळीत लिहावा लागतो. त्या ओळीत 'अ‍ॅट'च्या चिन्हाला स्वतःचा अर्थ आहे. पुढे पत्ता सुरू झाला, असं ते चिन्ह सांगतं. पासवर्डातच ते चिन्ह असेल, तर पासवर्ड मध्येच तुटतो. तिथं त्या चिन्हाऐवजी टक्क्याची खूण आणि तिच्यापुढे ४० हा आकडा लिहावा लागतो.

पाचवी गोष्ट : पहारेकऱ्याची वही. पोस्टग्रेसमध्ये तिचं नाव 'पीजी एचबीए' असं आहे. कोण, कुठून, कोणत्या दप्तराकडे आला तर त्याची ओळख कशी पटवायची, हे तिथं ओळीओळीनं लिहिलेलं असतं. पहारेकरी ती वही वरून खाली वाचतो, आणि लागू पडणारी जी पहिली ओळ सापडेल तिच्यावरच थांबतो. खाली तुमच्या सोयीची दुसरी ओळ असली, तरी तो तिथवर जातच नाही. म्हणून ओळींचा क्रम महत्त्वाचा. आणि वहीत बदल केला, तर तो पहारेकऱ्याला पुन्हा वाचायला लावावा लागतो. नुसती फाईल जतन करून भागत नाही. याच वहीत ओळख पटवण्याची पद्धतही लिहिलेली असते. जुनी पद्धत 'एमडी फाइव्ह', नवी आणि अधिक भक्कम पद्धत 'स्क्रॅम'. स्क्रॅम २०१७ साली दहाव्या आवृत्तीत आली आणि २०२१ साली चौदाव्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड आपोआप त्याच पद्धतीनं साठवले जाऊ लागले. दप्तर नवं आणि जोडणारा प्रोग्राम जुना असेल, तर त्याला ही नवी भाषा कळत नाही. आणि वहीत स्क्रॅम मागितलेली असताना पासवर्ड जुन्या पद्धतीनं साठवलेला असेल, तर बरोबर पासवर्डही नाकारला जातो. तो नव्यानं घालून दिला, की काम होतं.

सहावी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुणी करत नाही. पहारेकरी बाहेरच्याला मोघम बोलतो, पण आपल्या रोजकीर्दीत खरं कारण लिहून ठेवतो. या रोजकीर्दीला 'लॉग' म्हणतात. सर्व्हरच्या संगणकावर ती एका साध्या फाईलीत असते. शेवटच्या काही ओळी वाचल्या, की असं काही सापडतं : या नावाचा कुणी नाही, किंवा नाव आहे पण पासवर्ड जुळत नाही, किंवा या नावाला पासवर्डच दिलेला नाही, किंवा पासवर्डाची मुदत संपली. वहीतली कितवी ओळ लागू पडली, तेही तिथं लिहिलेलं असतं. मग अंदाजाचं काम उरत नाही. ज्यांच्याकडे सर्व्हरचा ताबा आहे, त्यांनी खरं तर तपासाची सुरुवात इथूनच करावी.

आपल्या शाळेत हेच झालं असं समजा. मुख्याध्यापकांनी रोजकीर्द उघडायला लावली. तिथं लिहिलेलं होतं, पासवर्डाची मुदत संपली. गेल्या वर्षी संगणक लावून देणाऱ्या मुलानं कारकुनांना पासवर्ड देताना एका वर्षाची मुदत घातली होती. पंधरा जूनच्या मध्यरात्री ती संपली. पासवर्ड बरोबर, नाव बरोबर, बोटंही बरोबर. फक्त तारीख उलटली. मुख्य अधिकाराच्या नावानं आत जाऊन नवीन पासवर्ड आणि नवीन मुदत घातली, की दोन मिनिटांचं काम. आणि आपण निघालो होतो सगळं काढून टाकायला! त्या गडबडीत दप्तराची फाईलच पुसली असती, तर एका मुलाचा नव्हे, शाळेत आजवर शिकलेल्या सगळ्या मुलांचा दाखला गेला असता.

आता कुणी म्हणेल, मुख्य अधिकाराचाच पासवर्ड विसरला तर? तो कुठून तरी काढून देता येत नाही का? नाही देता येत, आणि त्यामागं इतिहास आहे. संगणकाला पासवर्ड लावण्याची चाल अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो यांच्या १९६१ सालच्या कामातून रूढ झाली. एकाच मोठ्या यंत्रावर अनेकांनी काम करायचं, म्हणून प्रत्येकाला आपापला शब्द. पण ते शब्द एका फाईलीत जसेच्या तसे लिहिलेले होते. १९६२ साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला यंत्रावर जास्त वेळ हवा होता. त्यानं ती यादीच छापून घेतली. १९६६ साली तर अशी चूक झाली, की रोजच्या सूचनेच्या जागी पासवर्डांची यादीच येणाऱ्या प्रत्येकाला दिसू लागली. तेव्हापासून शहाणी माणसं शिकली, की पासवर्ड जसाच्या तसा ठेवायचाच नाही.

मग ठेवतात काय? आपण कोल्हापूरकडची माणसं, गुऱ्हाळाचं उदाहरण घेऊ. उसाचा रस काढून गूळ करता येतो, पण गुळाच्या ढेपेतून उभा ऊस परत काढता येत नाही. संगणक पासवर्डाचा असाच गूळ करून तेवढाच ठेवतो. तुम्ही शब्द सांगितला, की त्याचाही गूळ करून पाहतो. दोन्ही तंतोतंत सारखे निघाले तर आत घेतो. शिवाय प्रत्येकाच्या काहिलीत तो वेगवेगळी चिमूट टाकतो, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी गूळ निराळा दिसतो. या चिमटीला इंग्रजीत मीठच म्हणतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली हा विचार नीट मांडला. तात्पर्य, विसरलेला पासवर्ड कुणीच सांगू शकत नाही. फक्त नवा घालता येतो.

तो नवा घालण्यासाठी सर्व्हरच्या संगणकावर प्रत्यक्ष ताबा लागतो. पहारेकऱ्याच्या वहीत त्याच संगणकापुरत्या ओळीवर थोडा वेळ 'ट्रस्ट' असं लिहितात. त्याचा अर्थ, शब्द न विचारता आत सोड. मग आत जाऊन नवा पासवर्ड घालतात आणि वही पूर्ववत करतात. हे काम जाणकारानंच करावं, आणि या क्रमानं करावं : वहीची एक प्रत बाजूला ठेवायची, जाळ्याची तार काढून ठेवायची, ओळ बदलायची, पहारेकऱ्याला वही वाचायला लावायची, नवा पासवर्ड घालायचा, जुनी ओळ परत लिहायची, आणि वही पुन्हा वाचायला लावायची. तार जोडायच्या आधी शेवटची एक परीक्षा : मुद्दाम खोटा पासवर्ड घालून पहायचा. पहारेकऱ्यानं हाकललं, तर कुलूप लागलं. आत घेतलं, तर दार अजून उघडंच आहे.

ही परीक्षा कधी चुकवू नका. कारण 'ट्रस्ट' तसंच राहिलं, तर कचेरीत कुणालाच काही जाणवत नाही. सगळं सुरळीत चालतं, उलट पासवर्डाची कटकट गेली म्हणून बरंच वाटतं. पण त्या ओळीत बसणारा कुणीही, हवं ते नाव सांगून, अगदी मुख्य अधिकाऱ्याचंसुद्धा, आत जाऊ शकतो. मुलाची जन्मतारीख, जात, गुण, सभासदाची बाकी, काहीही बदलू शकतो, आणि ते कुणी बदललं याचा पुरावाही धड उरत नाही. नाकारलेला पासवर्ड एक सकाळ बुडवतो, पण उघडं दार वर्षानुवर्षांचा विश्वास बुडवतं.

शिक्षक मंडळींना एक वेगळं सांगायचं आहे. शालार्थ किंवा यू-डायस प्लस यांसारख्या सरकारी ठिकाणी काम करताना दप्तर आणि पहारेकरी आपल्या ताब्यात नसतात. तिथं आपल्या हाती तीनच गोष्टी : पडद्यावरची ओळ नीट वाचणं, बोटं व नाव तपासणं, आणि ठरलेल्या रीतीनं नवा पासवर्ड मागणं. तीन-चार वेळा नकार आला, तर थांबावं. अनेक ठिकाणी वारंवार चुकलं, की नावच काही काळ बंद केलं जातं.

आणि नित्याच्या चार सवयी. प्रत्येक माणसाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. सगळ्यांनी एकच वापरला, तर तो एकानं बदलताच बाकीचे अडतात, आणि चूक कुणाची तेही कळत नाही. मुख्य पासवर्ड लखोट्यात घालून, सही-शिक्का करून, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. भिंतीवर किंवा पडद्याच्या कडेला चिकटवू नका. पासवर्डाला मुदत असेल, तर ती तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि दप्तराची प्रत दर आठवड्याला दुसऱ्या ठिकाणी नेऊन ठेवत जा, म्हणजे अडचणीच्या वेळी हात थरथरत नाहीत.

असो. आपल्या गोष्टीतल्या मावशींना दाखला त्याच दिवशी मिळाला असं समजू. कारण कचेरीतल्या एका माणसानं घाई बाजूला ठेवून रोजकीर्द वाचली. पहारेकऱ्यानं अडवलं म्हणून त्याच्यावर रागावू नये. तो का अडवतो आहे, ते त्याच्याच वहीत वाचावं.